शिबिरानंतर 'ज्ञान वाढले' म्हणजे नेमके काय झाले?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले मधुमेहाचे रुग्ण पाहताना एक गोष्ट मला सतत जाणवते. घरात पत्रक असते, गावात शिबिरही झालेले असते. पण रात्री अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले तर काय करायचे, हे अनेकांना सांगता येत नाही. शिबिरांच्या अहवालात मात्र 'लोकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ' असे लिहिलेले असते.

हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते? कारण मोजायची पद्धत. आधी वीस प्रश्न, मग तासभर माहिती, आणि लगेच तेच वीस प्रश्न. गुण वाढणारच! सहा महिन्यांनी काय लक्षात राहिले आणि वागण्यात काय बदलले, हे त्यातून कळत नाही.

म्हणून 'आरोग्य शिक्षणाचा फायदा झाला' अशी बातमी वाचलीत, तर चार प्रश्न विचारा.

पहिला, नेमके काय केले? 'मार्गदर्शन केले' एवढे पुरेसे नाही. कोणी, किती वेळ, किती वेळा, कोणते साहित्य वापरून? हे सगळे लिहावे म्हणून 2014 मध्ये टायडिअर नावाची 12 मुद्द्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती पाळली नाही, तर चांगला उपक्रमही दुसऱ्या गावात तसाच करता येत नाही.

दुसरा, कोणत्या भाषेत? जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलतात. तिथे मराठी प्रश्नावलीत कमी गुण मिळाले, तर कमी काय पडले, आरोग्याची समज की मराठी?

तिसरा, तुलना कोणाशी? त्याच काळात दवाखान्यात औषधे नियमित मिळू लागली असतील, तर श्रेय शिबिराला कसे द्यायचे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1999 साली लॅन्सेटमध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी आयांचे गुण नव्हे, तर बाळांचे मृत्यू मोजले. तिथे शिक्षणाबरोबर उपचारही होते, हेही अहवालात स्पष्ट लिहिले. त्यामुळे केवळ शिक्षणाने मृत्यू घटले, असा अर्थ आपण काढत नाही.

चौथा, शेवटपर्यंत किती जण राहिले? आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजूर येतात आणि हंगाम संपला की परत जातात. हंगामात शिबिर घेऊन पावसाळ्यात तपासणी केली, तर मोजले जातील फक्त इथे राहणारे. ज्यांना माहितीची गरज सर्वांत जास्त, तेच गळतात, आणि निकाल छान दिसतो.

याचा तुमच्याशी संबंध आहे. अशा अहवालांवरून कोणता कार्यक्रम जिल्हाभर न्यायचा हे ठरते. तेव्हा सर्वेक्षणात प्रश्न समजला नाही, तर अंदाजाने 'हो' म्हणू नका. समजला नाही, असे सांगा. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना म्हणा, "मला काय समजले ते एकदा सांगते, बरोबर आहे का बघा."

आणि तो रात्रीचा घाम? इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेला माणूस शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. बरे वाटले की थोडे खायला द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आता हे घरात कोणाला तरी समजावून सांगा, आणि आठ दिवसांनी त्यांना विचारा.