सर्वांत मागच्याची गती

मराठी माणसाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते, आणि एक जानेवारी हा त्याच्या लेखी मुख्यतः कचेरीचा, बँकेचा व भिंतीवरच्या कॅलेंडरचा दिवस असतो; तरीही मित्रांनी एकत्र धावून वर्षाचा आरंभ करायचा म्हटले, तर ऋतूचा कौल जानेवारीलाच मिळतो. पाडव्याच्या सुमारास दख्खनच्या पठारावर सकाळीच ऊन चटकू लागते, तर जानेवारीच्या पहाटे पुण्याचा पारा अनेकदा १२ अंशांच्या खाली उतरतो आणि हवा कोरडी, हलकी असते. धावणाऱ्या शरीराला हेच हवे असते, कारण स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हालचालीच्या कामी न येता उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ही उष्णता घामाच्या बाष्पीभवनातून जितकी सहज निघून जाईल तितके धावणे सुसह्य होते. वर्षाचा हा पहिला दिवस परक्या दिनदर्शिकेतून आला असेल, पण शरीराने तो केव्हाच आपलासा केला आहे.

या दिवसाच्या अंधाराचेही एक वैशिष्ट्य आहे. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला होऊन गेलेला असतो, आणि त्यानंतर उजेड वाढत जाणार हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु पुण्याच्या अक्षांशावर सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा उशिराच होत राहतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे घड्याळातली दुपार व आकाशातली दुपार यांत वर्षभर कमी-अधिक अंतर पडत असते, ज्याला खगोलशास्त्रात कालसमीकरण म्हणतात, आणि या अंतरामुळेच दिवस वाढू लागला तरी तो आधी संध्याकाळच्या बाजूने वाढतो. म्हणून एक जानेवारीला पहाटे सहाला टेकडीच्या पायथ्याशी जमलेल्या मंडळींसमोर अजून अंधार असतो, आणि पहिला कोण आला, दुसरा कोण आला हे चेहऱ्यावरून ओळखण्याआधी चालीवरून, खोकण्यावरून, बुटांच्या आवाजावरून ओळखले जाते.

पुण्यातील वेताळ टेकडी ही समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असलेली, शहराच्या हद्दीतली एक उंच जागा आहे, आणि अशा पहाटेच्या धावेसाठी तिच्याइतकी योग्य जागा शहराच्या आसपास क्वचितच सापडेल. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. या उलट्या थरामुळे वाहनांचा धूर, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या पालापाचोळ्याच्या शेकोट्यांचा धूर आणि आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा वास सखल रस्त्यांवर रेंगाळत राहतो. चढण संपता संपता मात्र तो वास मागे पडतो. पावसाळ्यात हिरवेगार असलेले गवत आता वाळून सोनेरी झालेले असते, काळ्या बेसाल्टचे उघडे पट्टे पायाखाली येतात, कुठूनतरी मोराचा आवाज येतो, आणि जुन्या दगडखाणीच्या कडेला पोहोचेपर्यंत पूर्वेकडे शहराचे दिवे एकेक करून फिके पडू लागतात. येथे रोज फिरायला येणारी वडीलधारी माणसे आधीच वर पोहोचलेली असतात, आणि त्यांच्यातल्या कोणालाही 'काका' किंवा 'काकू' म्हणून नमस्कार करायला ओळख लागत नाही. ज्या शहराच्या टेकड्या शाबूत आहेत त्या शहरातच अशी पहाट शक्य असते, आणि या टेकड्यांवरून रस्ते काढण्याच्या योजनांना पुणेकरांनी वेळोवेळी जो विरोध केला त्यामागे हाही एक अनुभव उभा आहे.

मित्रांच्या धावेचा खरा प्रश्न असतो तो गतीचा. धावणाऱ्यांच्या बोलण्यात 'पेस' हा शब्द सतत येतो, आणि त्याचा अर्थ एक किलोमीटर कापायला लागणारी मिनिटे असा असतो. एकाच गटात कोणी साडेपाच मिनिटांच्या पेसने सहज जाणारा असतो, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटणाऱ्या मॅरेथॉनची तयारी त्याने पावसाळ्यापासून केलेली असते; आणि त्याच गटात कोणी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बूट बांधलेली, कोणी गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेला, कोणी केवळ मित्राने फोन केला म्हणून आलेला असतो. स्पर्धेत या सर्वांना एकाच रस्त्यावर आणणे सोपे असते, कारण तेथे सुटण्याची वेळ तेवढी सामायिक असते आणि पुढे प्रत्येकाला आपापली वाट मोकळी असते. मित्रांच्या धावेत पोहोचण्याची वेळही सामायिक ठेवावी लागते, आणि ती ठेवायची तर वेगवान माणसाला आपली गती काही काळ बाजूला ठेवावी लागते. हे देणे दिसायला लहान आहे, पण ज्याने महिनोन्‌महिने घड्याळाकडे पाहून सराव केला आहे त्याला ते सोपे जात नाही.

या प्रकारच्या धावण्याचा आधुनिक इतिहासही अशाच एका थांबण्यापाशी येऊन पोहोचतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, प्रकृतीने खचलेल्या माणसांना हळूहळू, दमछाक होऊ न देता, एकत्र धावायला लावले, आणि त्यांतले कित्येक जण हृदयविकारातून उठलेले होते. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२च्या डिसेंबरात तेथे गेले असता लिडियार्ड त्यांना अशाच एका धावेला घेऊन गेले. इतरांना धावायला शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले होते असे बॉवरमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि थोड्याच वेळात ते मागे पडले; तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आपला वेग कमी करून त्यांच्याबरोबर राहिले आणि त्यांना वाटेत गप्पा मारत घेऊन गेले. नव्या वर्षाच्या आरंभी बॉवरमन घरी परतले ते हा अनुभव घेऊनच, आणि १९६३मध्ये युजीन या गावात त्यांनी सामान्य नागरिकांना मैदानावर बोलावून 'जॉगिंग' शिकवायला सुरुवात केली. जॉगिंग म्हणजे बोलता येईल इतक्याच वेगाने धावणे. धाप लागून वाक्य तुटले की वेग जास्त झाला असे समजावे. जगभर पसरलेल्या या चळवळीच्या उगमाशी कोणताही विक्रम नसून एका वृद्धाने अनोळखी पाहुण्याची केलेली सोबत आहे, ही गोष्ट तिच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठ्या अक्षरांत लिहिली जायला हवी.

लंडनमधल्या बुशी पार्क या राजोद्यानातही असेच घडले. २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी आपल्या धावणाऱ्या मित्रांना तेथे पाच किलोमीटरसाठी बोलावले. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हते, पण मित्रांचा सहवास सुटू नये म्हणून त्यांनी वेळ मोजण्याचे काम पत्करले. त्या दिवशी १३ जण धावले, आणि पोहोचल्याचा क्रम कळावा म्हणून आकडे ठोकलेले लोखंडी वॉशर हातात देण्याची साधी युक्ती पुढे वापरली गेली. त्यातूनच अनेक देशांत पसरलेला, कोणतेही शुल्क न घेणारा 'पार्करन' हा शनिवार सकाळचा उपक्रम उभा राहिला, आणि त्यातल्या कित्येक उद्यानांत एक जानेवारीला वार कोणताही असला तरी माणसे जमतात. तेथे सर्वांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक नेमलेला असतो, ज्यामुळे शेवटून पहिला येण्याची भीती कोणालाच उरत नाही.

एकत्र धावण्याने शरीरात काय घडते याचा विचारही शास्त्रज्ञांनी केला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील नौकानयनपटूंवर केलेल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले, की तेवढेच श्रम एकट्याने केल्यानंतर आणि एका लयीत सर्वांनी मिळून केल्यानंतर वेदना सहन करण्याची क्षमता मोजली, तर दुसऱ्या वेळी ती अधिक वाढलेली असते. शरीरात निर्माण होणारी, वेदना शमवणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्ये हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा तर्क आहे. प्रयोग लहान होता आणि तो धावण्याचा नव्हता, तेव्हा त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण महाराष्ट्राला या अनुभवाची ओळख प्रयोगशाळेतून व्हायची नव्हती. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरजवळ आली, की पंढरी जवळ आल्याच्या ओढीने दिंड्यांतले वारकरी उतारावरून धावत सुटतात, आणि या परंपरेला 'धावा' म्हणतात. अनेक दिवस चालून थकलेले पाय त्या उतारावर धावतात, म्हाताऱ्या बाया लुगडे सावरत धावतात, आणि त्या धावण्यात कोणी कोणाच्या पुढे गेला याची नोंद कोठेही होत नाही.

नववर्षाचे संकल्प मोडतात ते बहुधा एकट्याच्या खोलीत, गजर बंद करण्याच्या क्षणी, जेव्हा न उठल्याचा साक्षीदार कोणी नसतो. टेकडीच्या पायथ्याशी थंडीत हात चोळत कोणी उभे आहे, हे ठाऊक असले म्हणजे पांघरूण बाजूला सारणे निराळे होते. तेथे माणूस स्वतःच्या निर्धारासाठी उठत नाही, उभ्या असलेल्यासाठी उठतो. आणि हा धागा पुढच्या आठवड्यात टिकवायचा असेल, तर त्याची तजवीज धाव संपल्यावरच्या न्याहारीतच व्हावी लागते. घाम वाळून अंग गार पडू लागले की मंडळी पायथ्याच्या टपरीकडे वळतात, पोहे आणि चहा येतो, वेगवान मित्र मुंबईच्या मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढाविषयी बोलू लागतो, आणि बोलणे सहज त्याच्याभोवती जमा होते. अशा वेळी पुढच्या रविवारची वेळ आणि वाट ठरवताना त्या दिवशी सर्वांत मागे राहिलेल्या माणसाला आधी विचारावे. त्याला सहा फार लवकर वाटत असतील, तर साडेसहाला जमावे, कारण तोवर थोडे उजाडलेलेही असते. त्याला चढ जड जात असेल, तर पुणे विद्यापीठाच्या आवारातली वडांची सपाट वाट धरावी आणि टेकडी फेब्रुवारीसाठी ठेवावी.