दोन सेलची पितळी बॅटरी

अंबरनाथला ज्या घरात रात्रपाळी होती, त्या घरात बॅटरी होती. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना, शिवाय एमआयडीसीतले लहानमोठे कारखाने. गावाचं घड्याळ भोंग्यांवर चालायचं आणि निम्मं गाव अंधारात कामाला निघायचं किंवा अंधारात घरी परतायचं. रस्त्यावरचे दिवे मोजके. श्रावणात गवत कमरेपर्यंत यायचं, आणि त्यात काय असेल त्याचं नाव रात्री घ्यायचं नाही, नुसतं ‘जनावर’ म्हणायचं. आमचे वडील, अण्णा, रात्रपाळीला निघाले की एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात दोन मोठ्या सेलची पितळी बॅटरी. ती पुढे पाय टाकायच्या जागेवरच धरायची, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर उजेड मारायचा नाही, ही शिस्त आम्हा मुलांना पाढ्यांबरोबरच लागली.

दिवाळीच्या आधी आई घरातल्या पितळी भांड्यांबरोबर ती बॅटरीही चिंचेने घासायची. सेल काढून, काच आणि वाटी वेगळी करून. काळवंडलेलं नळकांडं पिवळंधमक होऊन यायचं. पितळेचे पेले आणि बॅटरी एका रांगेत उन्हात वाळताना मला आठवतात, आणि त्यांच्या शेजारी उन्हातच ठेवलेले लाल सेल, नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजराचे. सेल मंद झाले की दोनचार दिवस उन्हात ठेवायचे, म्हणजे ते आणखी थोडे चालतात, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. ते खरंही आहे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते. पण सेलचं जस्ताचं भांडंच त्याचं ऋण टोक असतं. वीज देता देता ते भांडं झिजत जातं, एक दिवस त्याला भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी चिकट रस बाहेर येतो. म्हणून बॅटरी काही दिवस लागणार नसली की अण्णा सेल काढून वेगळे ठेवत. तेवढ्यामुळेच ती बॅटरी आतून आजही स्वच्छ आहे. त्या काळातल्या कितीतरी बॅटऱ्या वापराने खराब झाल्या नाहीत, कपाटात सेलसकट पडून खराब झाल्या.

पुढे मी उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि अण्णांची परवानगी घेऊन ती बॅटरी वर्गात नेली. विद्युत परिपथ शिकवायला तिच्याइतकं चांगलं साधन मला कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नाही. दोन घटांची एकसर जोडणी, म्हणजे दीड अधिक दीड तीन व्होल्ट. कळ, जी नळकांड्याच्या आतल्या पट्टीला टेकते किंवा सुटते. तळाची स्प्रिंग. टंगस्टनची तार असलेला मिरीएवढा बल्ब, आणि त्याच्याभोवती चकचकीत वाटी. ती वाटी अन्वस्ताच्या आकाराची असते आणि बल्बची तार बरोबर तिच्या नाभीवर यावी लागते, म्हणजे उजेड समांतर किरणांचा झोत होऊन लांब जातो. डोकं थोडं फिरवलं की तार नाभीपासून सरकते आणि झोत पसरतो. मुलं हे स्वतः फिरवून बघायची. ‘बाई, एकदा मी,’ ‘बाई, मला,’ करत पाऊण तास जायचा आणि मला तो कमीच वाटायचा.

लग्नानंतर बदलापूरला आले. अण्णा गेल्यावर बॅटरी माझ्याकडे आली. २६ जुलै २००५ ची रात्र आमच्या बाजूच्या कोणालाही विसरता येणार नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना माहीत आहे. इकडे उल्हास आणि वालधुनी दोघींनी काठ सोडले होते. वीज संध्याकाळीच गेली. तळमजल्यावरची माणसं वर आणायची होती, म्हाताऱ्या माणसांना जिन्याने हात धरून चढवायचं होतं. बॅटरीने पहिली रात्र चांगली निभावली, दुसऱ्या रात्री उजेड लालसर झाला, आणि त्यानंतर नुसती तार तापलेली दिसत होती. आसपासच्या दुकानांतला माल भिजला होता, सेल मिळेनात. वीज मात्र पुढचे काही दिवस आली नाही. बॅटरी इतक्या लवकर मंद झाली, कारण बल्बची ही जातच तशी. दिलेल्या विजेचा फार थोडा भाग तो उजेडात बदलतो, उरलेली सगळी उष्णता. शिवाय सेलचा दाब थोडा उतरला की तार पुरेशी तापत नाही आणि उजेड झपाट्याने पडतो. आपण ‘संपले’ म्हणून फेकलेल्या सेलमध्ये बरीच वीज शिल्लक असायची.

त्यानंतरची काही वर्षं भारनियमनाची. मुंबईत दिवे आणि कल्याणच्या पुढे अंधार, असं ते चित्र होतं. परीक्षेच्या दिवसांत मुलांनी मेणबत्तीत अभ्यास केला. त्याच काळात बाजारात चार्जिंगचे प्लास्टिकचे दिवे आले आणि घरोघर शिरले. आम्हीही घेतले. मागे दोन पिना बाहेर काढायच्या, थेट प्लगात खोचायचं. पहिल्या वर्षी लख्ख उजेड, दुसऱ्या पावसाळ्यात अर्धा तास, मग काहीच नाही. आत शिशाच्या प्लेटांची छोटी बंद बॅटरी असते. ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे जमतात आणि ती पुन्हा भरून घेत नाही. आणि घरातला असा दिवा पडूनच राहतो. अंधार रोज ठरलेल्या वेळी थोडाच येतो. उघडून आतला भाग बदलावा म्हटलं तर डबा चिकटवलेला. चांगला उजेड देणारे डायोड आत शाबूत असताना आख्खी वस्तू भंगारात. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

२०१४ च्या ऑक्टोबरात अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. वर्गात मी ती बातमी फळ्यावर लिहिली. लाल आणि हिरवे डायोड कधीपासून होते; निळा सापडेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड मिळेना. निळ्या डायोडवर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरीचा थर दिला की एकत्र पांढरा दिसतो. हे शिकवत असतानाच मनात आलं की वाटी, काच, कळ, नळकांडं सगळं धडधाकट आहे, मग जपानच्या या शोधाला अण्णांच्या बॅटरीत जागा का मिळू नये?

शाळेच्या वाटेवर एका गृहस्थांचं रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना साईं म्हणायचो. त्यांच्यापुढे बॅटरी ठेवली तेव्हा वाटलं होतं, म्हणतील नवी घ्या, दीडशे रुपयांत मिळते. त्यांनी ती तोलून पाहिली, मागचं झाकण फिरवून उघडलं आणि म्हणाले, “ताई, आटे अजून चांगले आहेत. जिचे आटे चांगले, ती वस्तू टाकायची नाही.”

हे उल्हासनगरच बोललं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना त्या रिकाम्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पण गाव खरं केलं ते त्या माणसांनी. शिपायांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींमध्ये गोणपाटाचे पडदे, मग पार्टिशन, मग भिंती घालत त्यांनी घरं आणि दुकानं केली. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं लोक अजून सहज वापरतात. हाताशी आहे त्या सांगाड्यात नवं आयुष्य बसवणं ही या शहराची पहिली विद्या आहे. साईंचे हात त्याच विद्येत तयार झालेले.

त्यांनी काम कसं केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दोन नवे सेल तेवढे देतात, पण काही दिवसांतच प्रत्येकाचा दाब सव्वापर्यंत उतरतो, आणि अडीच व्होल्टवर पांढरा एलईडी जेमतेम मिणमिणतो. म्हणून मध्ये दाब चढवणारं छोटं सर्किट हवं. बोराएवढी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. जुन्या बल्बची काच त्यांनी फडक्यात धरून फोडली, त्याचं धातूचं बूड ठेवलं, आत पट्टी बसवली आणि वर तांब्याचा एक तुकडा उभा करून त्याच्या टोकावर एलईडी डाखला. तांबं कशाला, तर एलईडीची उष्णता मागे पितळेत उतरावी म्हणून. आणि तेवढी उंची कशाला, तर तार होती तिथेच उजेड यावा म्हणून. नाभी हा शब्द त्यांनी वापरला नाही. डोकं फिरवत, भिंतीवरचा डाग बघत, तांब्याचा तुकडा कानशीने घासत घासत त्यांनी ती बरोबर सापडवली. मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती त्यांच्या बोटांत होती.

काही गोष्टी गेल्या, हेही खरं. तार सगळीकडे उजेड फेकते, त्यातला बहुतेक वाटीवर पडून झोत होतो. एलईडी समोरच उजेड टाकतो, वाटीला थोडाच मिळतो. त्यामुळे समोर मोठं मऊ वर्तुळ पडतं, पण पूर्वी नारळाच्या शेंड्यापर्यंत जाणारी धार बोथट झाली. शिवाय बल्बला दोन्ही सेल उलटे घातले तरी चालायचं. एलईडीला दिशा असते. आता नळकांड्याच्या आत खिळ्याने अधिकची खूण केली आहे, म्हणजे अंधारात बोटाने चाचपून कळतं.

रंगाबद्दल मी हट्ट धरला होता. साईंकडे होते ते एलईडी निळसर पांढरे. मी पिवळट झाक असलेले मागवायला लावले. बदलापूरच्या पावसाळी रात्री निळसर दिवा लावला की पाखरांचा थवा येतो. त्यांना निळ्या बाजूचा उजेड जास्त ओढतो. आणि ओल्या मातीवर, पानांवर पिवळट उजेडात रंग ओळखू येतात. उजेड थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण पायाखाली काठी आहे की जनावर, हे कळलं पाहिजे.

पाच वर्षांनी, २०१९ च्या जुलैत, पुन्हा सव्वीस तारीख आली आणि पुन्हा उल्हासने काठ सोडले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी रात्रभर गाडीत होते; दुसऱ्या दिवशी एनडीआरएफने आणि नौदलाने त्यांना बाहेर काढलं. चामटोलीच्या गावकऱ्यांनी जो हात दिला त्याचा आम्हा बदलापूरकरांना अभिमान आहे. त्या दिवसांत आमच्याकडे वीज नव्हती. मोबाइलची बॅटरी हाताशी होती, पण मोबाइलमधलं चार्जिंग बोलण्यासाठी राखायचं असतं. माहेरच्यांना, शेजाऱ्यांच्या मुलांना ‘आम्ही ठीक आहोत’ हे सांगण्यासाठी. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, खालच्या मजल्यावर चिखल उपसताना अण्णांची बॅटरी चालली. २००५ मध्ये ज्या लाल सेलांनी दुसऱ्या रात्री मान टाकली होती, तसेच साधे दोन सेल, आणि वीज परत आली तरी त्यांत जीव होता.

म्हणून कोणी विचारलं तर मी आधी एवढंच बघायला सांगते: झाकण फिरतं का, स्प्रिंग गंजली आहे का, वाटीचा चकाकता थर शाबूत आहे का. स्प्रिंग आणि वाटी चांगली असेल तर जुनीच एलईडीची करून घ्या. सेलचा रस सांडला असेल तर तोही निघतो. साध्या सेलचा रस आम्लधर्मी, तो खायच्या सोड्याने पुसायचा, अल्कलाइन सेलचा असेल तर लिंबाने. पण वाटी काळी पडली असेल, कळीची पट्टी खाल्ली गेली असेल, तर जीव अडकवू नये. आणि काही कामांना नवंच हवं. माझा मुलगा मलंगगडाच्या वाटेवर रात्री जातो, त्याला मी कपाळावर बांधायचा दिवा घेऊन दिला. दोन्ही हात मोकळे पाहिजेत तिथे पितळेचं कौतुक उपयोगाचं नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे आणि खेकडे धरायला जाणारी आमच्या इकडची माणसंही आता कपाळावरचेच दिवे वापरतात, आणि बरोबर करतात. मात्र नवा दिवाही स्क्रूने उघडणारा आणि सेल बदलता येणारा घ्यावा. चिकटवलेला घेऊ नये.

साईंचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. गेल्या वर्षी ते छोटं सर्किट बंद पडलं, त्याने दहा मिनिटांत दुसरं बसवलं आणि विचारलं, “मॅडम, अजून ते फेकायचे सेलच घालता?” त्याचं म्हणणं पटलं. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे लहान सेल मोठ्या सेलच्या मापाच्या प्लास्टिक टोपणात घालून चालतात. त्यांचा दाब सव्वाच असतो. बल्बला तो कमी पडला असता, आता सर्किट वर चढवून देतं. शंका एकच आहे, कपाटात चार महिने पडल्यावर त्यांच्यात किती वीज उरते. म्हणून फेब्रुवारीत ते पूर्ण भरून बॅटरीत घालून ठेवले आहेत, हात लावलेला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मीटर लावून बघणार आहे. उरलेली वीज पुरेशी दिसली तर शेजारच्या दोन घरांतल्या जुन्या बॅटऱ्याही उल्हासनगरला घेऊन जाईन. दोन्हींचे आटे मी फिरवून पाहिले आहेत.