सहामाही मन

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बँकेतल्या कारकुनाने काय शिकावे, याबद्दल समाजाची मते ठाम आहेत. पेटी शिकावी, आणि मधुमेह निघालाच तर योगासने. मी विद्यापीठाच्या मानसिक आरोग्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातले. मुदत सहा महिने, वर्ग रविवारी, शेवटी प्रमाणपत्र. बातमी फुटल्यावर जांब्यातल्या आमच्या सोसायटीत एका आठवड्यात नऊ जणांनी मला बाजूला घेतले आणि आवाज उतरवून विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

माणूस फ्रेंच शिकायला लागला तर त्याच्या घरी कुणी फ्रेंच झाले आहे का, असे कोणी विचारत नाही. सौ.ने मार्ग काढला. "अहो, 'मानसिक' शब्द तेवढा गाळा. नुसता आरोग्याचा कोर्स म्हणा." बँकेतला सहकारी म्हणाला, "प्रमोशनला मार्क धरतात का?" म्हटले, नाही. तो म्हणाला, "मग?" कॉमर्सच्या पदवीधराकडे या 'मग'ला उत्तर नसते.

जांबे हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडी-मारुंजीच्या शेजारचे गाव. महापालिकेत जायचे की नाही ही चर्चा चालू असतानाच गाव अर्धे शेतात आणि अर्धे लिफ्टमध्ये राहायला गेले. रविवारी हिंजवडीचा रस्ता मोकळा असतो, त्यामुळे वर्गाला वेळेवर पोचणारा मी एकटाच. उरलेले पुण्यात राहत.

पहिल्याच तासाला कळले की आमचे भूगोलाचे ज्ञान उत्तम आहे. माझ्या लहानपणी कोणी विक्षिप्त वागला की "याला येरवड्याला पोचवा" म्हणत. वर्गातल्या मुंबईच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे ठाण्याला पाठवतात. कोकणातले गृहस्थ रत्नागिरीला पाठवत. नागपूरकरांना तर गाव सोडावेच लागत नसे. सरांनी फळ्यावर राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये लिहिली : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. म्हणजे आरोग्य खात्याचा नकाशा आम्ही सगळ्यांनी थट्टेतून पाठ केला होता. तिथून माणसे बरी होऊन घरी येतात, एवढाच तपशील राहून गेला होता.

मग आकडे आले आणि मला जरा घरी आल्यासारखे वाटले. बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ साली राष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. इतका दर मला तरी कुठल्या ठेवीवर मिळाल्याचे आठवत नाही. पाहणी १२ राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. हे शाखेत सांगितल्यावर सर्वांना फार बरे वाटले.

खिन्नता चाचपण्याचा एक फॉर्मही असतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवावे. ही चाळणी आहे, निदान नव्हे, असे सर दर रविवारी बजावत. फॉर्म म्हटला की माझे हात शिवशिवतात. पण आठवा प्रश्न असा, की तुमचे बोलणे-चालणे इतरांच्या लक्षात येईल इतके संथ झाले आहे काय? यावर आमचे निम्मे काउंटर दाखल करून घ्यावे लागले असते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर मला विनोद सुचला नाही.

खरी पंचाईत झाली ती ऐकण्याच्या तासाला. "मनाला लावून घेऊ नका", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन या", ही वाक्ये सरांनी बंद केली. ती बंद केल्यावर मराठी माणसाकडे बोलायला उरते काय? जोड्या लावून पाच मिनिटे नुसते ऐकायचे होते. माझ्या वाट्याला निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांनी दोन मिनिटे कशीबशी काढली आणि मला प्राणायाम सांगितला.

आमच्या काउंटरला एक आबा रोज यायचे. जमीन बिल्डरला दिलेली, पैसे एफडीत, खात्यावर हालचाल नाही. तरी पासबुक पुढे करून म्हणायचे, "सायेब, एंट्री मारा." एंट्री नाही म्हटले की पासबुक छातीशी धरून बाकावर बसायचे, बारा वाजेपर्यंत. एके दिवशी मी विचारले, "आबा, झोप लागते का?"

"तीनला जाग येती. पयलं बी यायची. पन तवा लाईट रातची असायची, पानी धराया जायचो. आता उठून जायाचं कुठं?"

मागची रांग खाकरली. मी काउंटर बंदची पाटी लावली आणि आबांना बाहेर चहाला नेले. सरांनी शिकवले होते की जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. वर्गात हे वाक्य मी दोनदा न अडखळता म्हटले होते. टपरीवर घशातून निघायला अर्धा कप चहा लागला.

आबा बशीत बघत म्हणाले, "हीर बुजिवली बिल्डरनी. बरं झालं, आसं वाटतं कदी कदी."

सहा महिन्यांचा अभ्यास जागच्या जागी विसरायला झाला. एवढेच आठवले की उपदेश करायचा नाही आणि माणसाला एकटे सोडायचे नाही. "पोराला बोलावू का?" विचारले. आबांनी बराच वेळाने मान हलवली. पोरगा येईपर्यंत पाऊण तास आम्ही बसलो. पैसे काढायच्या स्लिपमागे मी १४४१६ लिहून दिला. टेली-मानस, २०२२ पासूनची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलतात. दुसऱ्या दिवशी पोरगा त्यांना औंधच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला. शाखेत परतल्यावर मला पाऊण तासाचा खुलासा लेखी द्यावा लागला. 'चहा' असे लिहिले.

गोळ्या चालू आहेत. गुण किती आला ते डॉक्टर जाणोत, पण आबा आता रोज येत नाहीत, सोमवार-गुरुवार येतात. मधल्या दिवशी नातवाला शाळेत पोचवायचे असते म्हणे. परवा पासबुक पुढे सरकवून म्हणाले, "सायेब, तुमाला लागती का झोप?"

"लागते की."

"आसं न्हाई," आबा काउंटरवर कोपर टेकत म्हणाले, "नीट सांगा."