न दुखणारा डोळा

‘दुखत नाही ना, मग बघू सावकाश,’ हे वाक्य जवळजवळ तीस वर्षे मी दवाखान्यात ऐकत आलो आहे. पुष्कळ आजारांत ते खपून जाते. डोळ्याचा पडदा सरकतो तेव्हा मात्र ते दृष्टीवर बेतू शकते.

हा पडदा म्हणजे डोळ्याच्या आतून अस्तरासारखे चिकटलेले दृष्टिपटल, अर्थात रेटिना. डोळ्याची पोकळी जेलीसारख्या पारदर्शक द्रव्याने भरलेली असते. वयपरत्वे हे द्रव्य पातळ होऊन आकसते व पटलापासून सुटते. बहुतेकांना त्याचा अपाय होत नाही. परंतु काहींच्या पटलाला ओढ बसून चीर पडते. त्या चिरेतून पाणी मागे शिरते आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसे पटल सुटत जाते. पटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे डोळा दुखत नाही, लालही होत नाही.

खुणा मात्र असतात. एकाएकी काळे ठिपके, जाळी वा काजळीचे कण दिसू लागणे. अंधारात नजरेच्या कडेला वीज चमकल्याचा भास होणे. आणि एका बाजूने सावलीचा पडदा सरकत येणे. ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डोळ्याला मार लागला आहे किंवा घरात कुणाला हा विकार झाला आहे, त्यांनी अधिक सावध असावे.

सत्तरीच्या एक आजी रक्तदाब तपासायला आल्या असता जाता जाता म्हणाल्या, “दोन दिवस डोळ्यापुढे चिलटे उडतात. रविवारी मुलाला सुट्टी असते, तेव्हा दाखवू.” तो मंगळवार होता. मी त्यांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर पाहायला सांगितले. उजवा डोळा झाकताच खालच्या तारखा नाहीशा झाल्या! दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा ही उणीव झाकून टाकत होता. सूनबाई त्यांना त्याच संध्याकाळी रेटिनातज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पटलाचा मध्यबिंदू अजून सुटला नव्हता, म्हणून आज त्या पोथी वाचतात. तो एकदा सुटला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीची नजर परत येईलच असे नाही.

माझ्या बॅटरीने डोळ्याचा पुढचा भागच दिसतो. पटलाच्या कडा पाहण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. म्हणून ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुकानातून थेंब आणून वाट पाहू नये, डोळा चोळू नये, स्वतः गाडी चालवू नये. नुसती चीर असेल तर बहुधा लेसरने किंवा गोठवून तिच्याभोवती बंदोबस्त करता येतो. पटल सुटले असल्यास शस्त्रक्रिया लागते. त्या वेळी डोळ्यात वायू सोडला असेल, तर सांगितलेल्या स्थितीत काही दिवस मान ठेवावी लागते. तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य, आणि उंच घाटात जाण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

‘मुलांना कशाला त्रास’ या संकोचापायी ज्येष्ठ मंडळी गप्प राहतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की एका संध्याकाळची धावपळ मुलांना जड नसते. आयुष्यभराचे अंधत्व सर्वांनाच जड जाते. आणि घरच्यांनी अधूनमधून आपणहून विचारावे, ‘एकेक डोळा झाकून बघा बरं, सगळे नीट दिसते ना?’