राग आणि माया

माझी भाची सध्या स्पेनमधील सालामांका येथे शिकत आहे. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे. राहते ती एका स्पॅनिश कुटुंबात. रात्री दहाला जेवण, ही अडचण तिने आठवडाभरात पचविली. पण ‘चुकेन या भीतीने मी घरात बोलतच नाही,’ असे तिने परवा कळविले. ते वाचून मला झाशीचे एक घर आठवले. परभाषी कुटुंबात राहण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही.

१९८८ साली वैद्यकीय शिक्षणासाठी मी भुसावळहून झाशीस गेले. वडील रेल्वेत होते. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी पहिले वर्ष राहावयाचे ठरले. झाशी म्हणजे नेवाळकरांची, आपल्या लक्ष्मीबाईंची; १८५७च्या धामधुमीत वरसईचे गोडसे भटजीही तेथे जाऊन राहिले होते. तेव्हा तेथे परकेपणा तो कसला, असे मला वाटे. परंतु हे घर बुंदेली बोलणारे होते. त्यांचे ‘हओ’ ऐकताच आपल्या ‘हो’ची ओळख पटे आणि मी निर्धास्त होई. पहिल्याच दिवशी घरातील वृद्ध अम्मा शेजारणीस म्हणाल्या, “बिटिया शिक्षा लेने आई है.” शिक्षा घ्यावयास ‘आई’ आली, असा अर्थ लावून मी मनाशी खूप हसले. ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवितात, हे मात्र त्या हसण्यात ध्यानी आले नाही.

एकदा मैत्रिणीकडे अभ्यास करून परतण्यास मला रात्रीचे नऊ वाजले. अम्मा दारातच उभ्या होत्या. त्या फार बोलल्या, आणि मी न जेवता निजले. सकाळी त्यांनी स्वतः ताट वाढून आणले. मला माझी चूक उमगली होती. समेट व्हावा म्हणून मी म्हटले, “अम्मा, मेरे मन में आपके लिए जरा भी राग नहीं है.” त्यांनी ताट खाली ठेवले आणि त्या निमूटपणे निघून गेल्या. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

सायंकाळी त्यांच्या सुनेने मला कोडे उलगडून दिले. माझा राग म्हणजे क्रोध; पण नित्य पोथी ऐकणाऱ्या अम्मांना ठाऊक होता तो ‘राग-द्वेष’ या जोडीतला राग, म्हणजे आसक्ती, प्रेम. माझे तुमच्यावर तिळमात्र प्रेम नाही, असे मी त्या माउलीस तोंडावर सांगितले होते!

मी धावत गेले आणि सारे समजावून सांगितले. अम्मांनी विचारले, “मग तुमच्याकडे प्रेमाला म्हणतात तरी काय?” मी म्हटले, “माया.” हिंदीत माया म्हणजे मोह, भ्रम. अम्मा पदर तोंडाशी धरून हसू लागल्या. “अगं, आमचे संत तर तिच्यापासूनही दूर राहा म्हणतात!”

वर्ष संपले. वसतिगृहात जाण्यासाठी निघाले, तेव्हा पाठीवरून हात फिरवीत अम्मा म्हणाल्या, “बिटिया, माया राखियो.” शब्द त्यांनी माझ्या अर्थाने उच्चारला होता.

भाचीस मी हीच हकीकत लिहून पाठविली. चुकीचे बोलून मी एक दिवस दुरावले. गप्प बसले असते, तर वर्षभर पाहुणीच राहिले असते. आपल्या घरचे कोणी परप्रांती वा परदेशी शिकत असेल, तर त्यासही एवढे जरूर कळवावे.