प्रागच्या भिंतीवरची नावे

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. व्लताव्हा नदीवरचा चार्ल्स पूल आणि टेकडीवरचा राजवाडा पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक इथे येतात. जुन्या शहराच्या चौकातून पारिझ्स्का हा रस्ता नदीकडे जातो. दोन्ही बाजूंना उंची कपड्यांची, घड्याळांची दुकाने. या झगमगाटातच डाव्या हाताला उंच, उतरत्या छपराची एक काळपट वास्तू दिसते. हे ‘जुने-नवे सिनेगॉग’. १२७० च्या सुमारास बांधलेले हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर युरोपात आजही वापरात असलेले सर्वांत जुने सिनेगॉग आहे. रब्बी लोव यांनी मातीतून घडवलेला ‘गोलेम’ हा राक्षस याच्याच माळ्यावर पडून आहे, अशी दंतकथा सांगतात.

हा भाग म्हणजे योसेफोव, प्रागचा ज्यू मोहल्ला. ज्यूंवरचे निर्बंध सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफचे नाव त्याला मिळाले. १८९३ नंतर शहरसुधारणेच्या नावाखाली इथली दाट वस्ती पाडण्यात आली. उरली ती मोजकी सिनेगॉग, दफनभूमी आणि ज्यू टाउन हॉल. या टाउन हॉलचे एक घड्याळ उलटे फिरते! हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात, तसेच त्याचे काटेही चालतात.

जुन्या दफनभूमीत गेल्यावर मात्र आवाज आपोआप खाली येतो. जागा अपुरी, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून नवी थडगी बांधली गेली. आज सुमारे १२ हजार शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. सर्वांत जुनी १४३९ ची. शेवटचे दफन १७८७ चे. १६०९ मध्ये वारलेल्या रब्बी लोव यांच्या कबरीवर आजही लोक फुलांऐवजी छोटे दगड ठेवतात.

शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंती दुरून करड्या दिसतात. जवळ गेल्यावर कळते, ती अक्षरे आहेत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ७८ हजार ज्यूंची ही नावे दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात हाताने लिहिली. पुढे १९६८ मध्ये ओलीचे कारण सांगून इमारत बंद झाली आणि नावेही गेली. साम्यवादी राजवट संपल्यावर, १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा लिहिली गेली. २००२ च्या महापुरात खालच्या ओळी भिजल्या, त्याही दुरुस्त केल्या. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतील मुलांनी काढलेली चित्रे आहेत. त्यातली बहुतेक मुले परतली नाहीत.

एवढे पाहून पर्यटकाला वाटते, प्रागमध्ये ज्यूंचा आता फक्त इतिहास उरला. तसे नाही. छोटा का होईना, ज्यू समाज इथे नांदतो आहे. याची खूण त्याच्या स्वयंपाकघरात सापडते. भाजलेले डुकराचे मांस हा ज्या देशाचा आवडता पदार्थ, तिथे कोशर जेवण मिळवणे सोपे नाही. डुक्कर आणि कोळंबी वर्ज्य, मासा खवले व पर असलेलाच, मांस आणि दूध एकत्र नाही, त्यांची भांडीही वेगळी. रब्बींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या भोजनालयात जेवण महाग पडते. शब्बाथला पैशाचा व्यवहार होत नसल्याने शुक्रवार रात्रीचे आणि शनिवारचे जेवण आधीच पैसे भरून ठरवावे लागते.

मराठी वाचकाला हे नियम अगदी परके वाटू नयेत. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणूनच तर त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी बोलणाऱ्या या समाजाच्या अनेक घरांत मांस आणि दूध आजही एकत्र येत नाही.

प्रागला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: शनिवारी आणि ज्यू सणांना इथली संग्रहालये बंद असतात, पुरुषांनी सिनेगॉगमध्ये डोके झाकावे. शनिवारी येऊन दार बंद दिसले, तर हिरमुसू नये. साडेसातशे वर्षांच्या त्या सिनेगॉगमध्ये तेव्हा प्रार्थना चाललेली असते. भिंतीवरच्या ७८ हजार नावांमागची परंपरा पुसली गेली नाही, हे त्या बंद दाराइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.