वाचकाचा वाटा

वाचक कथा अर्धवट टाकून अंक मिटतो, ती जागा नेमकी कुठली असते? कथालेखनाच्या शिबिरात मी हा प्रश्न आवर्जून विचारते. उत्तरं साधारण सारखीच येतात : वर्णन लांबलं, भाषा जड झाली, काही घडतच नव्हतं. ही कारणं खरीच आहेत. पण हस्तलिखितं वाचताना मला वेगळी जागा जास्त वेळा सापडते. तिथे लेखकाने सगळं सांगून टाकलेलं असतं. पात्र दुःखी आहे, कशामुळे दुःखी आहे, ते दुःख किती खोल आहे आणि आपल्याला त्याबद्दल काय वाटायला हवं, सगळं. मग वाचकाने तिथे थांबून करायचं काय?

वाचक गुंततो तो त्याच्या वाट्याला काही काम आलं तर. कथेतलं शेवटचं पाऊल त्याचं त्याने टाकायचं असतं. तंत्र म्हणून जे जे शिकवलं जातं, ते मला या एका गोष्टीभोवतीच फिरताना दिसतं.

हे शिकायला मराठीत एक उत्तम शाळा आहे, ती म्हणजे दिवाकरांची नाट्यछटा. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे. त्यांनी रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितांपासून प्रेरणा घेऊन १९११च्या सुमारास हा प्रकार मराठीत आणला. पान-दोन पानांचा मजकूर, बोलणारा एकच. समोर कोणीतरी उभं आहे, ते काही विचारतंय, हरकत घेतंय, पण त्याचं एकही वाक्य छापलेलं नाही. बोलणारा मध्येच अडखळतो, आवाज चढवतो, विषय बदलतो, आणि त्यावरून समोरच्याचं बोलणं आपण मनात रचत जातो. शिवाय तो स्वतःविषयी जे सांगत असतो, त्याच्या नेमकं उलट आपल्याला दिसू लागतं. दांभिकपणावर लेखकाने एक अक्षर न लिहिता माणूस उघडा पडतो. पान संपतं तेव्हा अर्धी नाट्यछटा आपण लिहिलेली असते.

शिबिरात मी याचाच एक सराव देते. एसटीत शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर बोलतोय, फक्त त्याची बाजू लिहा. पलीकडे बायको आहे, सावकार आहे की रुसलेली मुलगी, हे त्याच्या बोलण्यातूनच कळलं पाहिजे. ज्यांना 'संवाद जमत नाहीत' असं वाटत असतं, त्यांचेही संवाद यात जिवंत होतात, कारण माहिती पुरवण्यासाठी पात्राला बोलायला लावायची सोयच उरत नाही. 'तुला माहीतच आहे, आपले बाबा गेल्या वर्षी वारले' असं वाक्य फोनवर कोणी बोलत नाही. मुळात ते कुठेच कोणी बोलत नाही, फक्त कथांमध्ये बोलतात.

माझ्याच एका कथेतली जागा दाखवते. वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी होऊन गेलीय, आणि वर्षभराने धाकटा भाऊ गावाकडच्या घरी आलाय. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं : 'दोघा भावांमध्ये आता पूर्वीचा जिव्हाळा उरला नव्हता.' वाक्यात चूक काही नाही, पण वाचकाने ते फक्त ऐकून घ्यायचं. छापलेल्या कथेत तिथे असं आहे : 'चहा झाल्यावर धाकट्याने कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घालून ठेवला. वहिनी म्हणाली, "राहू द्या, भाऊजी." पण ती उठली नाही.' ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, तिथे तो पाहुण्यासारखा कप विसळतोय. 'जिव्हाळा' हा शब्द आता वाचकाच्या मनात उमटतो, आणि स्वतः शोधलेली गोष्ट माणूस सहसा सोडत नाही. वहिनी उठली नाही, हे तीन शब्द मात्र बऱ्याच उशिरा सुचले. त्याआधी नुसता कप धाकट्याचा अबोला सांगत होता, या तीन शब्दांनी घराचाही सांगितला.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधला धर्मा रामोशी आठवा. पुस्तक १९४९चं. धर्माला दिलेलं धोतर त्याच्या अंगावर काही दिसत नाही, आणि मग ते त्याच्या तरुण मुलीच्या अंगावर दिसतं. दारिद्र्यावर भाष्य करायची इतकी मोठी संधी समोर असताना माडगूळकर थांबतात. 'बनगरवाडी'तही मला त्यांची एक निवड फार मोलाची वाटते. गोष्ट सांगतो तो गावात नवा आलेला तरुण मास्तर. धनगरांची ती वाडी त्याला जितकी अनोळखी, तितकीच आपल्याला. गाव त्याला जसजसं उलगडतं, तसतसं आपल्याला. कारभाऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि मास्तरने सांगितलेली गोष्ट, यांत वाचकाची जागा पार बदलली असती. निवेदक कोण, हा प्रश्न बरेच नवे लेखक 'मी' की 'तो' एवढ्यावर उरकतात. त्याला किती माहीत आहे, हा खरा प्रश्न.

इथे एक गैरसमज मला फार खुपतो. वाचकासाठी जागा सोडा म्हटलं की काही जण माहितीच लपवायला लागतात. पहिली तीन पानं 'ती' कोण, घर कुठलं, वेळ कुठली, काहीच कळू द्यायचं नाही, आणि शेवटच्या ओळीत ती मेलेली होती असं जाहीर करायचं. निवेदकाला जे पहिल्यापासून ठाऊक आहे ते नुसतं धक्क्यासाठी दडवून ठेवणं ही वाचकाची फसवणूक आहे, आणि फसलेला वाचक त्या लेखकाची दुसरी कथा वाचत नाही. नाव, गाव, ऋतू, नाती स्वच्छ सांगावीत. न सांगता सोडायचा तो अर्थ.

उत्कंठेचं खरं गमक कीर्तनात बघावं. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन सिद्धान्त उघड मांडतात, मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लागतो, हार पडतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होतं. हरिश्चंद्राचं काय होणार हे मंडपातल्या पोरालाही माहीत असतं. दामाजीपंतांच्या मदतीला विठ्ठल धावणार हेही माहीत असतं. तरी कोणी उठत नाही. 'पुढे काय होणार' यापेक्षा 'हे आता याच्यावर कसं गुदरणार' हा प्रश्न माणसाला जास्त वेळ बसवून ठेवतो. बुवा ऐन पेचात आख्यान थांबवून पद गातात ते उगाच नाही. त्या पदाच्या वेळात श्रोत्याच्या मनात पुढचा प्रसंग आधीच घडू लागलेला असतो.

वाक्याच्या पातळीवरही हेच चालतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही आपल्या हातातली मोठी सोय आहे. 'काकांनी खिशातला कागद काढला, उलगडला, चष्मा लावला, आणि न वाचताच पुन्हा घडी करून ठेवला.' शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचक काकांच्या हाताकडे बघत राहतो. हेच तोडून चार वाक्यं केली आणि पुढे 'काका अस्वस्थ होते' असं जोडलं, की हात दिसेनासे होतात. म्हणून लिहिलेलं मोठ्याने वाचावं. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत. शंकर पाटलांची किंवा मिरासदारांची कथा आज कागदावर वाचतानाही तिच्यातला थांबा ऐकू येतो. समोर श्रोते बसलेले असताना जादा वाक्य तोंडातून बाहेर पडायलाच नको म्हणतं.

दिवाळी अंकांसाठी कथा लिहिणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. कथा पाठवण्याआधी शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि कथा न वाचलेल्या कोणालातरी तिथपर्यंत वाचायला द्या. काय झालं ते त्यांना विचारा. झाकलेल्या परिच्छेदातलं त्यांनी आपणहून सांगितलं, तर तो परिच्छेद काढून टाका.